खानचं युद्ध १९९२ लाच झालं. ते पुढे कशाला ढकलायचं?

दादर_फास्ट
'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेचा 'स्पेस सीड' हा भाग १९६७ चा. त्यात जहाजावरचा अधिकारी स्पॉक स्वच्छ सांगतो की जनुकं बदलून घडवलेला खान नूनियन सिंग १९९२ ते १९९६ या काळात पाव जगाहून जास्त भागाचा हुकूमशहा होता, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत. म्हणजे आपलं परळ-लालबागसुद्धा त्याच्याच राज्यात! ती वर्षं आली नि गेली, खान काही फिरकला नाही. मालिकेचं काय बिघडलं? पण २०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या ट्रेक-मालिकेनं त्याला एकविसाव्या शतकातल्या टोरांटोत लहान पोर करून ठेवलं. कारण काय, तर काळप्रवाशांच्या लुडबुडीनं तारखा सरकल्या. हे सगळं १९९२ लाच व्हायचं होतं, मी इथं तीस वर्षं अडकून पडलेय, असं एक परग्रहावरची रोम्युलन हेर वैतागून म्हणते. प्रसंग झकास आहे, पण शेवटी सारवासारवच.

मुलुंडकर
नाही पटलं. हे आपलंच भविष्य आहे, यातच तर ट्रेकची सगळी मजा. ५ एप्रिल २०६३ ला व्हल्कन हे परग्रहवासी पृथ्वीवर उतरणार, तर ती तारीख आपल्याच कॅलेंडरवर येईल असं वाटायला हवं. आज कॉलेजात जाणाऱ्या पोराला 'तुझ्या जन्माआधीच खाननं अर्धं जग पेटवलं होतं' असं सांगितलं, तर तो टीव्ही बंद करेल. आणि इतिहास बदलणं यांना नवीन आहे का? २००९ च्या सिनेमात २३८७ मधलं जहाज २२३३ मध्ये येऊन सगळा इतिहास उलटापालटा करतं. ते चाललं तुम्हाला?

दादर_फास्ट
चाललं, कारण तिथे फाटा फुटला. कल्याणहून गाडी कर्जतला वळली म्हणून कसाऱ्याचे रूळ कोणी उखडत नाही. इथे मूळ रूळच उचलून दुसरीकडे टाकलेत.

शिवडीचा_क्लिंगॉन
माझ्या मते खुलासा देणं हाच गुन्हा. १९७९ च्या सिनेमात क्लिंगॉन या लढाऊ परग्रहवाल्यांच्या कपाळावर अचानक उंचवटे आले. साठच्या दशकात मेकअपला पैसे नव्हते, सगळ्यांना ठाऊक होतं. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन' मालिकेत सहकारी वॉर्फ या क्लिंगॉनला विचारतात, तुमचे पूर्वज असे सपाट कपाळाचे कसे दिसतात? तो तोंड पाडून म्हणतो, परक्यांशी आम्ही यावर बोलत नाही. संपला विषय! पण २००५ मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेनं त्यावर दोन भाग खर्चून विषाणूची कथा रचली. एका वाक्यात भागलं होतं की.

मुलुंडकर
ते दोन भाग मला आवडतात. क्लिंगॉनांनी मानवी ऑगमेंटांची, म्हणजे खानसारख्या घडवलेल्या माणसांची, जनुकं वापरायला जाऊन स्वतःचं थोबाड बिघडवून घेतलं, ही कल्पना त्यांच्या घमेंडीला शोभते. चांगली गोष्ट निघत असेल तर भोक बुजवायला माझी ना नाही.

गोरेगाव_पूर्व
तारखांवर भांडताय आणि माणूसच बदलला ते? खान म्हणे उत्तर भारतातला, बहुधा शीख. भूमिका केली मूळच्या मेक्सिकोच्या रिकार्डो मोन्ताल्बाननं. पगडी दिसते ती फक्त जहाजावरच्या इतिहासकार मॅकगिव्हर्सनं काढलेल्या चित्रात. आणि २०१३ मध्ये थेट गोरा इंग्रज बेनेडिक्ट कंबरबॅच! याचा खुलासा कुठला विषाणू देणार?

दादर_फास्ट
यावर मात्र माझं मुलुंडकरांशीही भांडण नसेल.

चाळीतला_व्हल्कन
मूळ मुद्द्यावर येतो. १९८२ च्या सिनेमात खान जहाजावरच्या चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो, पण 'स्पेस सीड' पहिल्या सीझनचा आणि चेकॉव्ह आला दुसऱ्यात. लोक याला ढळढळीत चूक म्हणतात. पण 'कॅट्सपॉ' या भागात चेकॉव्ह आहे आणि त्या भागाची स्टारडेट, म्हणजे मालिकेतली तारीख, ३०१८.२. 'स्पेस सीड'ची ३१४१.९. म्हणजे गडी आधीपासून जहाजावर होता, कॅमेऱ्यासमोर आला नव्हता इतकंच. आकडे नीट वाचले तर निम्मी भोकं आपोआप बुजतात, तारखा सरकवाव्या लागत नाहीत.

मुलुंडकर
स्टारडेटला एवढं प्रमाण मानायचं, तर १९६६ च्या भागात कप्तान किर्कच्या थडग्यावर 'जेम्स आर. किर्क' कोरलंय तेही माना. पूर्ण नाव जेम्स टिबेरियस किर्क, त्यातला 'टी' मग कुठून आणणार?