तळ दिसणारं पाणी : तुमचे अनुभव लिहा

चंद्रतालहून परत आले त्याला दीड महिना झाला. भांडुपहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये डोळे मिटले की अजून ते पाणी समोर येतं. घरात सगळ्यांना सांगून झालं, फोटो दाखवून झाले, आणि दर वेळी वाटलं, मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. म्हणून इथे लिहितेय आणि तुम्हालाही विचारतेय. डोंगरातलं नितळ, कुणी न बिघडवलेलं तळं तुम्ही पाहिलंय का? त्या काठावर तुम्हाला काय झालं? कसं जायचं, कुठे राहायचं हे इतरत्र भरपूर मिळतं. इथे फक्त ते पाणी आणि तुम्ही.

आधी माझं सांगते.

चंद्रताल हिमाचलात, स्पितीकडे, समुद्रसपाटीपासून साधारण ४,३०० मीटरवर. बातलहून कच्च्या रस्त्याने गाडी जाते, पण शेवटचा टप्पा पायीच. काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, मुक्कामाचे सगळे तंबू काही किलोमीटर अलीकडे. आम्ही सकाळी सहाला निघालो. दहा पावलं चालायचं, थांबायचं, परत दहा पावलं. एका उंचवट्याला वळसा घातला आणि खाली ते पसरलेलं दिसलं. काठाशी पाण्याला रंगच नाही, थोडं आत गेलं की हिरवं, आणि मग एकदम गर्द निळं.

काठाशी एक तपकिरी दगड होता, त्यावर जानव्यासारखी पांढरी शीर. उचलावा म्हणून बाही मनगटापर्यंत सरकवून हात घातला. हात कोपरापर्यंत भिजला तरी दगड बोटांना लागेना. पाणी इतकं गार की बोटांची हाडं ठणकायला लागली. मी तिथेच खाली बसले आणि रडू आलं.

का, ते परतीच्या वाटेवर उमगलं. आमच्या चाळीत पाणी यायचं पहाटे साडेपाच ते सात. पिंप, कळशी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून घ्यायची. पिंपाचा तळ दिसायला लागला की आईचा जीव खालीवर व्हायचा. आमच्याकडे तळ दिसणं म्हणजे पाणी संपणं. इथे पाणी काठोकाठ होतं आणि तरी तळ दिसत होता.

मुलुंडहून

ताई, तुमचा दगड खोलच होता, डोळ्यांना तो वर आलेला दिसला. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, म्हणून वरून बघताना चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर वाटते. तीस वर्षं हे फळ्यावर शिकवलं.

पाणी किती नितळ आहे हे मोजायची एक जुनी, फार साधी पद्धत आहे. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने एक पांढरी तबकडी दोरीला बांधून समुद्रात सोडली आणि ती दिसेनाशी कुठे होते ते पाहिलं. तळ्यांसाठी आजही तीच वापरतात, बहुधा काळे-पांढरे पाव भाग रंगवलेली. मी नववीच्या मुलांकडून स्टीलच्या ताटलीची तशी तबकडी करून घेतली होती. ठाण्यातल्या एका तलावात बोटीतून सोडली, तर दोन वितींवर ती गायब. मुलं हसली नाहीत. एकाने विचारलं, "सर, पांढरी दिसते अशी जागा आहे?"

निवृत्तीनंतर काश्मीरमध्ये विशनसरला गेलो तेव्हा तो मुलगा आठवला. तबकडी नव्हती. एक पांढरा खडा खडकावरून सोडला. तो डोलत डोलत खाली गेला, मधे एकदा मासा त्याच्याजवळून वळला, आणि खडा तळाला टेकून स्थिर झालेला मला दिसला. मी उभ्या जागी हात जोडले.

असं पाणी नितळ राहतं कारण त्यात फारसं काही नसतं. ते थंड असतं, वरून माती कमी येते, शेवाळाला पोसायला खत-सांडपाणी नसतं. एक मात्र सांगायला हवं. फोटोत जी दुधट फिरोजी तळी दिसतात ती बहुधा हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे तशी असतात. सुंदर असतात, पण त्यात खोलवरचा तळ दिसत नाही. तुमच्या चंद्रतालचं निळेपण वेगळं. खोल स्वच्छ पाणी प्रकाशातला तांबडा भाग गिळतं, म्हणून उरतो तो निळा.

कुर्ल्याहून

माझं घर मिठीजवळ आहे. ही नदी विहार तलावाच्या सांडव्यातून सुरू होते हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं, तेही राष्ट्रीय उद्यानात परवानगी काढून जांभूळमाळला चढलो तेव्हा. ४६८ मीटर, मुंबईतलं सगळ्यात उंच ठिकाण. वरून झाडीत तुळशी आणि विहार हे दोन्ही तलाव दिसतात. सोबतच्या काकांनी बोट दाखवलं, "ती बघ तुझी मिठी, तिथून निघते." आमच्या दारात येईपर्यंत आपण तिचं काय करतो ते मी रोज बघतो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पार्ल्याहून

वय एकसष्ट असताना सुनेच्या मागे लागून काश्मीरचा सात दिवसांचा तलावांचा ट्रेक केला. आमच्या माहेरी नदी ओलांडली की तिची ओटी भरायची पद्धत. आजी भरायची, आई भरायची. गंगाबलला पोचणार म्हणून मी मुंबईहूनच खण, नारळ, हळदीकुंकू आणि तांदूळ नेले होते. गंगाबल म्हणजे हरमुख शिखराच्या पायथ्याचं तळं, काश्मिरी पंडितांचं मोठं तीर्थ.

पाण्याशी गेले. खण हातात होता, हिरवा, लाल काठांचा. खाली बघितलं तर एकेक गोटा निराळा दिसत होता, गोट्याची सावलीसुद्धा तळावर पडली होती. हात पुढे होईना. त्या पाण्यात टाकलेलं काहीही, खणसुद्धा, कचराच दिसला असता. मला दरदरून घाम फुटला, आपण आईची रीत मोडतोय म्हणून. मग काठावरच्या सपाट दगडावर सगळं मांडलं, पाण्याला कुंकू नुसतं दाखवलं, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. नारळ फोडून घोडेवाल्या भावांना आणि मुलांना प्रसाद दिला, करवंट्या सुनेने तिच्या पिशवीत घातल्या, तांदळाचा दाणान्‌दाणा मी वेचला. खण अजून माझ्या कपाटात आहे. आईला हे पटलं असतं असं मला मनापासून वाटतं. तिच्या काळी ओटी पाण्यात विरून जायची, आता आपल्या ओटीतसुद्धा प्लॅस्टिकची जर असते.

बोरिवलीहून

लडाखला पँगाँग तळ्यावर गेलो होतो. तळ्याची लांबी १३० किलोमीटरहून जास्त, पाणी मचूळ, तरी काठाशी काचेसारखं. पण पाण्याला खेटून फोटोसाठी मांडलेल्या रंगीत खुर्च्या आणि स्कूटरी, आणि त्यांच्यासमोर रांग. मी गाडीवाल्याला विनंती करून तासभर पुढे गेलो. तिथे कोणी नव्हतं. पाणी काठाला लागल्याचा बारीक आवाज ऐकू येत होता. एवढंच लिहायचं होतं.

चेंबूरहून

हिमालयात जायला ना रजा आहे ना पैसे, म्हणून आमचं सह्याद्रीतलं सांगतो. आपल्या डोंगरांत नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीतच. उभे कडे आणि बेसाल्टचा काळा कातळ, पाऊस कोसळतो आणि वाहून जातो. म्हणून गडांवर माणसांनी कातळ फोडून टाकी खोदली. राजगडाच्या संजीवनी माचीवर अशी टाकी ओळीने आहेत. एका जानेवारीत सकाळी एका टाक्यात टॉर्च मारला. पाणी पुरुषभर तरी होतं, आणि तळाच्या भिंतीवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसले, तिरके, एकाखाली एक. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे उकिडवं बसून घण मारला होता, आणि त्याच्या हाताचं काम पाण्यातून मला दिसत होतं. माझ्यासाठी चंद्रताल तोच.

मागच्या वर्षी एका ट्रेक-आयोजकाबरोबर दुसऱ्या एका गडावर गेलो. त्यांच्या स्वयंपाक्याने पिठल्याची पातेली थेट पिण्याच्या टाक्यात बुडवून घासली. मी अडवलं तर म्हणाला, "पाऊस आला की साफ होतं." होत नाही. टाक्याला वाहता निचरा नसतो, गेलेलं तेल तिथेच राहतं. कृपा करून, गडावर गेलात तर बाटलीने पाणी काढा आणि भांडी लांब नेऊन धुवा. कुणी टाक्यात पाय घालत असेल तर वाईटपणा घ्या, पण अडवा.

भांडुपहून, धागा काढणारी

पार्ल्याच्या काकू, तुमचं लिहिलेलं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दगडावर भरलेली ओटी पाण्याला पोचतेच." सर, चार फुटांचे तीन हे मुलीला बादलीत नाणं टाकून दाखवलं.

दहिसरहून

मी बाहेर कुठलंच तळं पाहिलेलं नाही. पण माझे बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात होते आणि काही वर्षं त्यांची ड्यूटी तुळशीला होती. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांमधला हा सगळ्यात लहान, १८७९ चा, ८,०४६ दशलक्ष लिटरचा. पाणलोट सगळा जंगलात. वर ना वस्ती, ना गोठा, ना कारखाना. लोकांना तिथे जाऊ देत नाहीत आणि बाबा म्हणायचे, ते तसंच राहू दे.

मी आठवीत असताना एकदाच, साहेबांची परवानगी घेऊन, बाबांनी मला काठावर नेलं. मे महिना, पाणी उतरलेलं. पलीकडच्या काठावर मगर ऊन खात पडली होती. बाबांनी मला पायरीवर उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "बोलू नको, खाली बघ." पायरीच्या खाली आणखी एक पायरी, तिच्या खाली आणखी एक, अशा मी पाच मोजल्या. पाचवीवर एक सागाचं पान पडलं होतं, त्याच्या शिरा दिसत होत्या.

जुलै-ऑगस्टमध्ये पेपरात "तुळशी भरून वाहू लागला" अशी बातमी यायची. बाबा ती दोनदा वाचायचे. मग उठून पेला विसळायचे, नळाखाली धरायचे, खिडकीच्या उजेडात वर करून बराच वेळ बघायचे आणि मगच प्यायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. पेला मी वापरते.