श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर फायबर खांबावरून न्यावे की जमिनीखालून?

वाडीवाला : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील नारळी-पोफळी ज्या तारांवर कोसळल्या, त्यांत विजेच्या होत्या तशा दूरध्वनीच्याही होत्या. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. एवढे होऊनही आमच्या आळीत केबल अजून खांबांवरूनच जाते, आणि खांब नसेल तेथे ती पोफळीलाच बांधलेली असते. जुनी तांब्याची तार काढून फायबर, म्हणजे फोन-इंटरनेटची काचेची तार, घालायचेच आहे, तर ते जमिनीखाली डक्टमधून, म्हणजे पुरलेल्या नळीतून, एकदाच घालावे, असे माझे मत आहे.

पाखाडीकर : आपली अडचण मान्य आहे, उपाय मान्य नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेट या सरकारी योजनेच्या पहिल्या टप्प्यात केबल १.६५ मीटर खोल पुरण्याचा दंडक होता. मोकळ्या मातीत तो ठीक आहे. पण आमच्याकडे हातभर मातीखाली जांभा लागतो, आणि घराघरांमधून जाणाऱ्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, एकदा उखडल्या की पूर्वीसारख्या बसवून देणारा ठेकेदार मी तरी पाहिलेला नाही. त्याच योजनेत पुढे खांबावरील फायबरलाही वाव देण्यात आला, तो अशाच अडचणींमुळे. शिवाय खांबावरची तार तुटली तर डोळ्यांना दिसते आणि शिडी लावून जोडता येते. पुरलेली तार कोठे तुटली, हे कोण शोधत बसणार?

जोडारी : मी फायबर जोडण्याचेच काम करतो, म्हणून दोघांनाही थोडे थोडे अडवतो. कातळ लागल्यास खोली कमी करून केबल लोखंडी पाइपातून नेतात व वर काँक्रीट घालतात, त्यामुळे जांभा ही अडचण खर्चाची आहे, अशक्यतेची नाही. तुटीची जागा ओटीडीआर यंत्र सांगते : एका टोकातून प्रकाश सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून अंतर काढायचे. मात्र ते अंतर तारेच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे. जोडाच्या खड्ड्यात दहा-पंधरा मीटर तार गुंडाळून ठेवलेली असते. त्या वेटोळ्यांची नोंद नसेल, तर यंत्र बरोबर सांगत असूनही आम्ही भलत्याच घराचे अंगण खोदतो. एकदा मी स्वतः असे दोन खड्डे वाया घालवले आहेत. पुरलेली तार वादळात सहसा तुटत नाही, ती तुटते नळाची लाइन टाकणाऱ्या जेसीबीने. खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. पण तार कोठून गेली हेच कोणी नोंदवले नसेल, तर कळवून काय उपयोग?

पाखाडीकर : म्हणजे नकाशा नसेल तर पुरणे धोक्याचे, हे आपणही मान्य करता. आणखी एक मुद्दा राहिला. तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळत असे, घरात अंधार असला तरी तो वाजे. फायबर घरात ज्या डब्याला (मोडेमला) जोडतात, त्याला घरचीच वीज लागते. निसर्गनंतर कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हा जमिनीखाली सुखरूप राहिलेल्या फायबरचे आम्ही काय केले असते?

वाडीवाला : तांब्याचा फोन अंधारात वाजे खरा, पण त्याची तार शाबूत असेल तर, निसर्गमध्ये तीच तुटली होती. डबा लहानशा बॅटरीवर काही तास चालतो आणि ती बॅटरी जनरेटर असलेल्या शेजाऱ्याकडे चार्ज करून आणता येते. तुटलेली तार अशी कोणाच्या घरून आणता येत नाही. नकाशाबाबत मात्र मी माझे म्हणणे बदलतो : चर बुजवण्यापूर्वी प्रत्येक वळणाचे आणि जोडाचे पाखाडीच्या कडेपासूनचे अंतर मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावे, आणि ते लागेपर्यंत ठेकेदाराचे शेवटचे बिल अडवून ठेवावे.

पाखाडीकर : बिलासोबत पाखाडीच्या दगडांचीही अट घाला, मग माझ्या वाडीच्या कडेने चर काढायला माझी हरकत राहणार नाही. मुख्य रस्त्यापासून आतल्या शेवटच्या चार घरांसाठी मात्र मी अजूनही खांबच म्हणेन.