प्रत्येक पिकाआधी रोटाव्हेटर फिरवल्याने मातीतले जीव कमी होतात का?

मांजराकाठ: आमच्या काळ्या जमिनीत सोयाबीन आणि हरभरा ही फेरपालट आहे. पूर्वी काही वर्षांतून एकदा नांगरट होई आणि एरवी वखराच्या पाळ्या असत. आता दोन्ही पिकांआधी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे ट्रॅक्टरचे अवजार) फिरतो. पावसाळ्यात बांधालगत गांडुळांच्या विष्ठेचे ढीग दिसतात, शेताच्या मधोमध मात्र नाहीत. हा मशागतीचा परिणाम आहे की फवारण्यांचा? आणि नांगरट थांबवली, तर हुमणी (पिकांची मुळे खाणारी अळी) व घाटेअळीचे कोष उन्हाने मरणार कसे?

मृद्‌गंध: दोन्ही कारणे संभवतात, परंतु मशागतीचा वाटा मोठा असावा. तिचा फटका सर्व जीवांना सारखा बसत नाही. शरीर जितके मोठे आणि प्रजनन जितके संथ, तितके नुकसान साधारणपणे अधिक. जिवाणू खाणारे सूत्रकृमी काडीकचरा मातीत मिसळल्यावर उलट वाढू शकतात, कारण कुजण्याची क्रिया वेग घेते. स्प्रिंगटेल (मातीतले बिनपंखी, उड्या मारणारे बारीक जीव) आणि मातीतले बहुतेक सूक्ष्म कोळी मात्र स्वतः बिळे खणू शकत नाहीत. ते मातीतल्या तयार पोकळ्यांत राहतात, आणि रोटाव्हेटरने भुकटी झालेली माती जोराच्या पावसात दबली की त्या पोकळ्याच नाहीशा होतात. गांडुळे पात्यांखाली कापली जातात हे खरे, पण त्यांची बिळे मोडणे आणि पृष्ठभागावरील पालापाचोळा गाडला जाणे, हे मला त्याहून गंभीर वाटते.

हुमणीची चिंता योग्यच आहे. येथे वेळ पाहावी. कडक उन्हाळ्यात बहुतेक गांडुळे खोल थरात निपचित पडलेली असतात, त्यामुळे प्रादुर्भाव झालेल्या शेतात त्या वर्षापुरती केलेली उन्हाळी नांगरट त्यांना तुलनेने कमी बाधते. हरभऱ्याआधी ओल असताना फिरणारा रोटाव्हेटर त्यांना वरच्या थरातच गाठतो; म्हणून आधी ती पाळी वगळावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

भातखाचर: कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली सगुणा भात पद्धत पाहावी. तीत गादीवाफे कायम ठेवतात आणि पीक कापल्यावर मुळे जमिनीतच कुजू देतात. तणासाठी मात्र तणनाशक वापरले जाते, त्याचा विचार तुम्हाला स्वतंत्रपणे करावा लागेल.

मांजराकाठ: आभारी आहे. फरक पडतो आहे की नाही, हे तपासायचे कसे?

मृद्‌गंध: पावसाळ्यात वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) असताना, एकाच दिवशी, रोटाव्हेटर फिरलेल्या आणि न फिरलेल्या पट्ट्यांत प्रत्येकी काही ठिकाणी एक फूट लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत, माती गोणपाटावर पसरून गांडुळे मोजावीत आणि ती परत सोडावीत. सूक्ष्म जीवांसाठी इटालियन कीटकशास्त्रज्ञ बर्लीज यांनी १९०५ मध्ये मांडलेली नरसाळ्याची पद्धत आहे, जिच्या आज रूढ असलेल्या प्रकारात जाळीवर ठेवलेल्या मातीवर दिवा लावतात आणि कोरड्या होत जाणाऱ्या थरातून खाली सरकणारे जीव नरसाळ्याखालच्या अल्कोहोलमध्ये पडतात. घरचे नरसाळे आणि साधा पिवळा दिवा चालेल, पण माती हळूहळू वाळू द्यावी, नाहीतर जीव वरच मरतात आणि मोजणी कमी भरते.