माहेर घर (बाळंतपणाआधी राहायची दवाखान्यातली खोली) रिकामं राहतंय, बायका येत नाहीत, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या कामावर देखरेख ठेवते. पाडे असे की चार घरं या टेकडीवर, पुढची चार पलीकडच्या, मध्ये नाला.

गेल्या पावसाळ्यात एक बाई गेली. तिसरं बाळंतपण, हिमोग्लोबिन (एचबी) ७ च्या आसपास, आमच्या हाय रिस्क (जास्त धोक्याच्या) यादीत नाव होतं. रात्री कळा सुरू झाल्या, घरीच मोकळी झाली, पण वार पडली नाही आणि रक्त थांबेना. नवरा आणि दिराने झोळी करून खाली रस्त्यापर्यंत आणली, अॅम्ब्युलन्स येऊन उभी होती पण नाल्याला पाणी, तिथंच तास दीड तास गेला. ट्रेनिंगमध्ये तीन उशीर शिकवतात ना, घरातून निघायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचाराला उशीर, तर हिचे पहिले दोनच पुरले. बाळ जगलं, १८०० ग्रॅमचं होतं, आजीने छातीशी धरून कांगारूसारखं ठेवलं, आशा रोज जायची.

आता मुद्दा. आमच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) माहेर घर आहे, बाळंतपणाच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी येऊन राहायचं, सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल चालतं, सगळं फुकट. ही बाई तिथं असती तर वाचली असती असं मला सारखं वाटतं. पण खोली महिना महिना रिकामी असते. मी स्वतः चौदा गरोदर बायकांना विचारलं तर बकऱ्या कोण बघणार, घरची बाकीची पोरं कोण बघणार, सासू नाही म्हणते, आणि दोघी म्हणाल्या तिथं आमच्याशी आमच्या पावरी बोलीत कुणी बोलत नाही, रात्री भीती वाटते. आलेल्या एक-दोघी तारीख उलटली तरी कळा नाहीत म्हणून कंटाळून परत गेल्या.

वर मीटिंगला फक्त किती भरती झाल्या हे विचारतात, का आल्या नाहीत हे कुणी विचारत नाही, याचा फार त्रास होतो. तुमच्यापैकी कुणी मेळघाट, गडचिरोली, जव्हारकडे माहेर घर चालवलंय का? बायका कशामुळे राहिल्या? प्लीज सांगा, पावसाळ्याला तीनच महिने राहिलेत.

प्रतिसाद १
ताई, मी ३१ वर्षं एएनएम (सरकारी नर्स) होते. आधी तारखा तपासा. बाईला पाळीची तारीख आठवत नाही, आपण अंदाजे कार्डावर टाकतो आणि मग चार-पाच दिवस आधी याला काही अर्थच राहत नाही. आम्ही सणावरून विचारायचो, होळीच्या आधी आली होती की नंतर, भगोरियाच्या बाजाराला गेलीस तेव्हा पाळी चालू होती का. तिसऱ्या महिन्याच्या आत सोनोग्राफी झाली तर तारीख बरीच पक्की मिळते. आणि सुनेला नाही, सासूला आधी खोली दाखवायला आणा.

प्रतिसाद २
गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने लोकांनाच विचारलं होतं की दवाखाना कसा पाहिजे, मग वॉर्ड झोपड्यांसारखे बांधले, नातेवाईक सोबत राहतील असे. नवजात बाळांचं कामही तसंच, ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा बाळाला बघायला घरी जातात ते त्यातूनच. तुमच्या खोलीत चूल आहे का? स्वतःची भाकरी करता आली तर बाई थांबते असं मला वाटतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. चूल नाही, गॅसही नाही, डबा बाहेरून येतो आणि तो गव्हाच्या पोळ्यांचा, आमच्याकडे ज्वारी-मक्याची भाकरी खातात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांशी बोलते. आणि ज्या दाईवर पाड्याचा भरवसा आहे तिलाच बाईसोबत राहायला आणलं तर? पावरीचा प्रश्नही सुटेल. पण तिचे रोज बुडतील, ते कुठून द्यायचे, दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून बसतं का? कुणी केलं असेल तर ठराव कसा लिहिला तेवढं सांगा.