एकाच घरात दोन मुलांना डेंग्यू, पण आजार इतका वेगळा का?

प्रश्न (एक पालक, लातूर)
दिवाळीच्या आधी आमच्या दोन्ही मुलांना आठवड्याच्या अंतराने डेंग्यू झाला. धाकटा साडेचार वर्षांचा; तो चार दिवसांत खेळू लागला. थोरली दहा वर्षांची, अंगापिंडाने धडधाकट. तिचा ताप पाचव्या दिवशी उतरला आणि आम्ही सुस्कारा सोडतो न सोडतो तोच पोटात दुखू लागले, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले आणि तीन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. दोन वर्षांपूर्वीही तिला डेंग्यू झाला होता, पण तेव्हा साध्या तापावर भागले होते. पोरीची प्रतिकारशक्तीच कमी आहे, टॉनिक चालू करा, असे नातेवाईक म्हणतात. एकदा आजार झाल्यावर शरीर तयार व्हायला नको का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)
नातेवाइकांचे निदान नेमके उलटे आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर तिघांपासून मात्र जेमतेम काही महिने. त्यानंतर दुसरा प्रकार शिरला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात पण निकामी करू शकत नाहीत. उलट, प्रतिपिंडे चिकटलेले कण गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये विषाणूला आयता प्रवेश मिळतो आणि तो तिथे वाढतो. मग शरीराने सोडलेल्या दाहजनक रसायनांमुळे आणि विषाणूच्या एनएस१ या प्रथिनामुळे केशवाहिन्या झिरपू लागतात. लहान मुलांच्या केशवाहिन्या मुळातच अधिक झिरपणाऱ्या असल्याने त्यांना धोका जास्त.

क्यूबामध्ये 1977 साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि 1981 साली दुसऱ्या प्रकाराची. गंभीर रुग्णांत आधी पहिला होऊन गेलेलेच बहुसंख्य होते. तुमच्या मुलीला कोणते प्रकार झाले हे इथून सांगता येणार नाही, पण घटनाक्रम याच्याशी जुळतो. अर्थात दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली बहुतेक मुलेही सुखरूप बरी होतात.

उत्तर (परिचारिका, परभणी)
आमच्या वॉर्डात नातेवाइकांचा सारा जीव प्लेटलेटच्या आकड्यात अडकलेला असतो, पपईच्या पानांच्या रसाची बाटली तर उशाशीच असते. आम्ही मात्र रक्ताचा घट्टपणा, म्हणजे हिमॅटोक्रिट, नाडी आणि लघवी पाहतो, कारण रक्तातील पाणी झिरपले की प्लेटलेट घटत असताना हिमॅटोक्रिट चढतो. सलाईनही मोजूनच द्यावे लागते. जास्त झाले तर तेच पाणी छातीत साठते. तापाला पॅरासिटामॉलच द्यावे, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नको.

आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्या गावांत पाणी न साठवणे शक्यच नाही, पण रांजण नुसता रिकामा करून भागत नाही. डासाची अंडी कोरड्या कडेलाही कित्येक महिने तग धरतात. आतून घासावाच लागतो.

पालक, लातूर
आभारी आहे. म्हणजे आता धाकटा तिथे आहे, जिथे थोरली दोन वर्षांपूर्वी होती?

बालरोगतज्ज्ञ
होय. त्याचा अहवाल तारखेसह जपून ठेवा आणि पुढे ताप आला तर तो पहिल्याच भेटीत दाखवा. ताप उतरल्यावर 48 तास त्याला शाळेत पाठवू नका. पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा सहा तास लघवी न होणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र असली तरी निघा.