मदत हवी आहे: होरायझनचा सहावा भाग 'एस'वर चालेल का? शनिवारच्या आत सांगा

संत्राबाग_वरुड | बुधवार, रात्री ८.४०
मंडळी, लवकर उत्तर पाहिजे. माह्याजवळ गेम खेळाची एक्सबॉक्स मशीन आहे, एस. होरायझनचा सहावा, जपानवाला भाग येऊन रायला, तो याच्यावर चालन का नवीन मशीन घ्याच लागन? घ्या लागली तर कोणती? आंबिया बहाराचे पैसे हाती आहेत. भाऊ शनिवारी पुण्याहून निघते, तो घेऊन येईन. अन् नवीन मशीनमुळे गेममधे खरंच काही बदलते का फक्त चकाकी वाढते, हेही सांगा.

जिनिंगवाला | ८.५२
चालते ना भाऊ. कायले पैसे घालवता? सप्टेंबर २०२५ मधे टोकियो गेम शोमधे कंपनीवाल्यायनंच सांगितलं, २०२६ मधे येते, सिरीज एस, सिरीज एक्स अन् पीसीवर. तुमच्याजवळ एस आहे तर विषय संपला. ते पैसे ठिबकवर लावा.

खामगावकर | ८.५८
आधी कोणता होरायझन ते लिहा. त्या नावाचा वेगळा गेमही आहे, त्याचा गाड्यांशी संबंध नाही. गाड्यांच्या शर्यतीचा फोर्झा होरायझन म्हणता का? टीव्ही कोणता? नेट कोणतं? बजेट किती? डिस्कवर खेळता की डाउनलोडवर? यातलं काहीच लिहिलं नाही, तर कोणी काय सांगणार?

संत्राबाग_वरुड | ९.०६
फोर्झाच. रेसिंगच्या विभागात लिहिलं, दुसरा कोणता राहीन? टीव्ही साधा ४३ इंची. जिनिंगवाला भाऊ, तुम्ही चालते म्हणता, पण पाचवाच लोड व्हायले दीड-दोन मिनिटं घेते. गावात शिरलं का गाडी अटकते. मग सहावा कसा चालन?

वर्धेचा_ड्रायव्हर | ९.१५
माझं ऐका, पीएस५ घ्या, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ५. गाडीचे गेम खेळणाऱ्यानं दुसरं काही घेऊच नये. कंट्रोलरची ब्रेकची कळ पायाखालच्या ब्रेकसारखी कडक होते आणि एबीएस लागला की बोटाखाली थडथडते. 'ग्रान टुरिझ्मो ७'मध्ये डोळे मिटले तरी चाक घसरतंय हे हाताला कळतं. फोर्झाचा पाचवा भागही २९ एप्रिल २०२५ ला पीएस५वर आला. सहावाही येणार आहे, थोडा उशिरा.

नागपुरी_पीसी | ९.२१
कन्सोल घेण्यात अर्थ नाही. पीसी घ्या. दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदललं की झालं, पुन्हा नवी पेटी घ्यायला नको. शाळेच्या, बँकेच्या, सातबाऱ्याच्या कामालाही येतो.

वर्धेचा_ड्रायव्हर | ९.२४
त्यांनी पीसी विचारला का? ज्याला सोफ्यावर बसून गाडी चालवायची आहे त्याला ड्रायव्हर अपडेट करत बसवू नका.

नागपुरी_पीसी | ९.२६
पीएस५ तरी कुठे विचारला होता?

दारव्हा_इलेक्ट्रिक | ९.३३
कोणतंही मशीन घ्या, पण आधी व्होल्टेज पाहा. रात्री शेतातले पंप सुरू झाले का आपल्याकडे लाईन १६०-१७० वर येते, अन् डीपीचा फ्यूज गेला का परत येताना एकदम झटका मारते. माह्या पुतण्याच्या मशीनचा पॉवर सप्लाय असाच गेला. टीव्हीचा छोटा स्टॅबिलायझर वेगळा ठेवा अन् अपडेट चालू असताना तरी इन्व्हर्टरवर घ्या. अर्ध्या अपडेटमधे लाईन गेली तर सगळं पह्यल्यापासून करा लागते.

लोणारकर | ९.४१
सगळे जरा थांबा. लोड व्हायला दीड-दोन मिनिटं म्हणता? सिरीज एसवर पाचवा भाग काही सेकंदांत उघडतो. संत्राबाग भाऊ, मशीनच्या समोर डिस्क टाकायची फट आहे का?

संत्राबाग_वरुड | ९.४४
आहे ना. जुने भाग डिस्कवरच तर खेळतो.

लोणारकर | ९.४५
मग ती सिरीज एस नाही. सिरीज एसला डिस्कची सोयच नाही. तुमच्याकडे २०१६ ची एक्सबॉक्स वन एस आहे. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींच्या नावात एस, म्हणून घोळ झाला. सहावा भाग वन एसवर येणार नाही.

जिनिंगवाला | ९.४९
हे बरं झालं विचारलं. मी सिरीज एस समजलो. माफ करा भाऊ, मायं उत्तर रद्द.

संत्राबाग_वरुड | ९.५०
मले वाटलं एस म्हटलं का समजन. म्हणजे घ्याच लागते. कोणती ते सांगा. अन् फरकाचं?

लोणारकर | १०.१७
फरकाचं कोणीच सांगितलं नाही, म्हणून लांब लिहितो.

पाचवा भाग २०२१ मध्ये आला, पण तो २०१३ च्या एक्सबॉक्स वनवरही चालला पाहिजे, ही त्यांची अट होती. त्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क, ८ जीबी मेमरी आणि १.७५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. मोकळ्या नकाशाच्या गेममध्ये सगळा मुलूख एका वेळी मेमरीत मावत नाही. गाडी जाईल तसा पुढचा रस्ता, झाडं, घरं हार्ड डिस्कवरून उचलत राहावं लागतं. ताशी ३०० म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. तेवढ्या वेळात हार्ड डिस्क जेवढं देईल तेवढंच समोर उभं राहणार. जिनिंगचं यंत्र कितीही जोरात फिरू द्या, कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत असल्या तर ते रिकामंच फिरतं. तुमची गाडी गावात शिरल्यावर अटकते ती बहुतेक यामुळेच. गावात घरं दाट, उचलायचा माल जास्त.

म्हणून त्या काळच्या भागांमध्ये माळरान, टेकड्या भरपूर आणि शहर छोटं. चौथ्यातलं एडिनबरा आठवा, पाचव्यातलं ग्वानाह्वातो आठवा. देखणी आहेत, पण गाडी जोरात असली की शहर हा हा म्हणता मागे पडतं. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. सिरीज एस आणि एक्सची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान साठवण, २.४ जीबी, पीएस५ची ५.५ जीबी. सहाव्यात टोकियो आहे आणि २०१३ च्या मशीनची अट सुटली आहे. माझ्या मते खरा बदल तिथे दिसेल, अरुंद गल्ल्या आणि दाट वस्ती यांच्यात. चकाकी ही दुय्यम गोष्ट.

दुसरा फरक प्रोसेसरचा. किती गाड्या एकत्र पळतात, हे बरंचसं त्यावर ठरतं. निन्टेन्डोचं घ्या. 'मारिओ कार्ट ८'मध्ये १२ जण होते, जून २०२५ ला त्यांच्या स्विच २ या नव्या मशीनबरोबर आलेल्या 'मारिओ कार्ट वर्ल्ड'मध्ये २४ झाले, आणि शर्यतींच्या मधले रस्तेही चालवता येऊ लागले.

वर्धेचा_ड्रायव्हर | १०.२९
लोणारकर, मांडणी पटली, पण एक बाजू राहिली. नवं मशीन आलं की पुढचा भाग मोठाच होतो असं नाही. 'ग्रान टुरिझ्मो २' १९९९ चा, पहिल्या प्लेस्टेशनवर, साडेसहाशेच्या आसपास गाड्या. तिसरा २००१ ला पीएस२वर आला आणि गाड्या १८० च्या घरात! मी तेव्हा शाळेत होतो आणि आवडती गाडी यादीत नाही म्हणून रडलो होतो. कारण साधं आहे, मशीन तगडं झालं की एकेका गाडीवर कित्येक पट जास्त काम करावं लागतं. 'ग्रान टुरिझ्मो ५'मध्ये हजारावर गाड्या दिल्या, पण त्यातल्या सुमारे ८०० पीएस२च्या काळातल्याच उचललेल्या होत्या आणि शेजारी नवी गाडी उभी केली की लगेच ओळखू यायच्या.

लोणारकर | १०.३४
बरोबर आहे, हे मी लिहायला हवं होतं. फोर्झाच्या सहाव्यातही गाड्यांची संख्या पाहून खूश होण्याआधी त्यातल्या किती नव्यानं घडवल्या ते बघा.

खामगावकर | १०.३८
आणि रे ट्रेसिंगच्या, म्हणजे प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवण्याच्या, जाहिरातींवर जाऊ नका. फोर्झाचा पाचवा भाग आला तेव्हा सिरीज एक्सवर ते गाडी जवळून न्याहाळतानाच होतं, शर्यतीत नव्हतं. 'ग्रान टुरिझ्मो ७' पीएस५वर आला तेव्हाही गॅरेज आणि रिप्लेपुरतंच. धावताना ते पीएस५ प्रोवर मिळालं, आणि प्रो नोव्हेंबर २०२४ ला बाहेर निघाला तेव्हा भारतात आलाच नाही. त्यातल्या वायफायचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता.

जिनिंगवाला | १०.४४
मग आता मायं मत, सिरीज एस. स्वस्त आहे, सहावा चालते, सेकंदाले ६० चित्रं, म्हंजे ६० फ्रेमनं चालन. एक्सचे जास्तीचे पैसे कायले?

लोणारकर | १०.४७
मेमरी १० जीबीच आहे, एक्सला १६. पण ४३ इंची साध्या टीव्हीवर फरक फार टोचणार नाही. मीही एसच म्हणतो.

मोर्शीची_ताई | १०.५५
एस म्हणण्याआधी एक विचारू? दादा, तुमच्याकडे डिस्क कोणत्या आहेत?

संत्राबाग_वरुड | ११.०२
तिसरा अन् चौथा डिस्कवर. पाचवा भावानं पुण्याला डाउनलोड करून बाहेरच्या ड्राइव्हवर आणला होता. आमच्या पांदणीकडे टॉवरची रेंज यथातथाच, रोज २ जीबीचं हॉटस्पॉट. चौथा भाऊ अन् मी मिळून खेळलो. तो बारावीत होता, मी नुकता शेतावर लागलो होतो. दर आठवड्याले त्यातला ऋतू बदलते. बर्फ पडलं का आमच्या इकडं उन्हाळा अन् टीव्हीत तळं गोठलेलं. गॅरेजमधल्या सगळ्या गाड्या दोघांच्या कमाईच्या आहेत. तो पुण्याले गेल्यावर मी त्यातली एकही विकली नाई.

मोर्शीची_ताई | ११.११
मग सिरीज एस घेऊ नका. चौथा भाग १५ डिसेंबर २०२४ पासून विक्रीतून काढला आहे, गाड्या आणि गाण्यांचे परवाने संपले म्हणून. तिसरा तर २०२० लाच गेला. ज्यांच्याकडे आहे त्यांचा चालतो, पण नव्यानं डिजिटल विकत घेता येत नाही. सिरीज एसमध्ये तुमच्या दोन्ही डिस्क टाकायला जागाच नाही. पीएस५मध्ये टाकून उपयोग नाही. सिरीज एक्समध्ये मात्र त्या चालतात, आणि चौथा ६० फ्रेमनं चालतो. तुमच्या वन एसवर तो ३० नं चालत होता. सेव्ह, म्हणजे आतापर्यंतच्या खेळाची नोंद, तुमच्या खात्यावरून येईल, पण जुनं मशीन एकदा नेटला जोडून गेम उघडून बंद करा, म्हणजे शेवटचा सेव्ह वर चढेल. तेवढ्याला हॉटस्पॉट पुरतं.

वर्धेचा_ड्रायव्हर | ११.१५
ताई म्हणते ते खरं. पीएस५चा माझा आग्रह मागे घेतो. ती गॅरेज सोडू नका.

जिनिंगवाला | ११.१८
पण एक्स लय महाग पडन बापा. अन् सहावा यायले वेळ आहे, मग घाई कायची?

संत्राबाग_वरुड | ११.२०
घाई भावाची आहे. त्याले पुढची सुट्टी होळीले. अन् तेव्हापर्यंत पैसे राहत नाई, बियाणं-खत येते.

मोर्शीची_ताई | ११.२६
तर भावाला असं सांगा. दुकानातून थेट गाडीत बसू नको. मशीन रूमवर लाव, वायफायला जोड. पहिल्यांदा सुरू करताना अपडेट लागतंच, ते हॉटस्पॉटवर करत बसलात तर दोन-तीन दिवसांचा डेटा जाईल. पाचव्याची नव्या मशीनची आवृत्ती तिथेच उतरवून घे, ती १०० जीबीच्या वर आहे. तुमच्या हॉटस्पॉटवर पन्नास दिवस लागतील.

संत्राबाग_वरुड | ११.४८
भावाशी बोललो. डिस्क चालन म्हटल्यावर तो पाच मिनिटं काही बोललाच नाई, मग म्हणे चौथाच पह्यले लावू. अर्धे पैसे तो टाकते म्हणून रायला. उद्या दुकानात जाते. त्यानं आजच एका दुकानात फोन लावला, ते म्हणते पांढरा एक्स आहे, लगेच नेऊ शकता. घेऊ का?

लोणारकर | ११.५३
नको! पांढरा एक्स २०२४ ला निघाला, त्यात डिस्क ड्राइव्ह नाही. काळाच पाहिजे. नावावर जाऊ नका, खोक्यावरच्या चित्रात समोर डिस्कची फट आहे का ते पाहायला सांगा, आणि पैसे देण्याआधी दुकानातच खोकं उघडून बघायला सांगा.

संत्राबाग_वरुड | ११.५५
सांगतो. तो झोपला असन, पण उठवतो.

दारव्हा_इलेक्ट्रिक | ११.५९
अन् स्टॅबिलायझर पुण्याहून आणू नका, ते वजनी असते. वरुडलेच भेटते.