कॅरव्हॅन जोडली की सेन्सर ओरडतात, फ्रिज थंड होत नाही: दोष कोडिंगचा की वायरिंगचा?

रस्त्याकडेला
नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन ग्रुपची, डिझेल, युरो ६. टो-बार आणि १३ पिनांचं सॉकेट मागाहून बसवून घेतलं. बसवणाऱ्याने ट्रेलर मॉड्यूल लावलं, सगळे दिवे लावून दाखवले आणि गाडी ताब्यात दिली. आता कॅरव्हॅन जोडून रिव्हर्स टाकला की मागचे पार्किंग सेन्सर सलग ओरडत राहतात. मीटरवर ट्रेलरची खूण येत नाही. फ्रिज गॅसवर उत्तम चालतो, गाडीच्या करंटवर मात्र आतलं सगळं कोमट. इंजिन चालू ठेवून सॉकेटवर मल्टीमीटर लावला तर पिन ९ (कॅरव्हॅनच्या बॅटरीसाठी) आणि १० (फ्रिजसाठी), दोन्हीकडे १२.६ व्होल्ट मिळतात. बसवणारा म्हणतो, "कोडिंग करून घ्या, सगळं सुटेल." म्हणजे ट्रेलर बसवलाय हे गाडीच्या संगणकात नोंदवायचं. खरंच सुटेल का?

गिअर_पाचवा
दिवे लागतात ना? मग कोडिंगच्या भानगडीत पडू नका. रिव्हर्स घेताना सेन्सरचं बटण दाबून बंद करायचं. माझं तसंच चाललंय.

तांब्याची_तार
गिअरभाऊ, हा सल्ला पटत नाही. बटण दाबून आवाज बंद होतो, पण मागे वजन आहे हे गाडीला कळत नाही ते नाहीच.

रस्त्याकडेला, तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. सेन्सर आणि मीटरवरची खूण हे कोडिंगचं काम. मॉड्यूल कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना (छोट्या संगणकांना) जोडणाऱ्या तारांवर, असलं तरी त्यांच्यातले निरोप पोचवणाऱ्या गेटवेच्या यादीत त्याचं नाव नसेल, तर बाकीचे कंट्रोलर त्याची दखलच घेत नाहीत. व्हीसीडीएस (लॅपटॉपवरून गाडीचं कोडिंग करायचं साधन) किंवा तसंच दुसरं काही लावून आधी पूर्ण स्कॅन करा आणि जुनं कोडिंग जसंच्या तसं सेव्ह करून ठेवा. मग १९ नंबरच्या गेटवेमध्ये इन्स्टॉलेशन लिस्ट उघडून ६९, म्हणजे ट्रेलर, टिक करा. पुढे पार्किंगचा कंट्रोलर आणि ०३, म्हणजे ब्रेक, यांतही ट्रेलर कोड करा. कोडमधला कुठला बिट बदलायचा हे युनिटच्या पार्ट नंबरवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा कोड उतरवून टाकू नका. काम चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा.

यातलं ०३ कृपा करून सोडू नका. कॅरव्हॅन डोलायला लागली की ईएसपी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा, ते स्वतःच्या सेन्सरवरून ओळखते, पुढच्या चाकांना डावं-उजवं आलटून पालटून ब्रेक लावते आणि इंजिनची ताकद उतरवते. कंट्रोलरमध्ये ट्रेलर कोड केलेला नसेल तर ही मदत मिळत नाही. उतारावर, शेजारून मोठा ट्रक गेला की त्याची किंमत कळते. गाडीत माणसं बसलेली असतात हो.

आता फ्रिज. तिथे लॅपटॉपचं काही काम नाही. मल्टीमीटर करंट ओढत नाही, म्हणून एका धाग्यावर लटकलेली वायरसुद्धा त्याला १२.६ दाखवते. असा फ्रिज १७० वॅटचा धरला तर १४ अँपिअर मागतो. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत सहा मीटर धरा, जाऊन-येऊन बारा. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्यात जवळजवळ १.२ व्होल्ट खाल्ले जातात, १.५ च्या वायरीत १.९. कॅरव्हॅनच्या आतली वायर वेगळीच. असा फ्रिज आतल्या हीटरच्या उष्णतेवरच थंड होतो आणि ती उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे १२ चे १० व्होल्ट झाले की उष्णता तीस टक्क्यांनी उतरते. त्यात युरो ६ च्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर स्मार्ट असतो, बॅटरी भरलेली दिसली की स्वतःच व्होल्टेज खाली आणतो. इंजिन चालू असताना तुम्हाला १२.६ दिसले ते त्यामुळेच असणार.

फ्रिज गाडीवर चालू ठेवा आणि थेट फ्रिजच्या टर्मिनलवर मोजा. मग एक प्रोब पिन ११ च्या, म्हणजे फ्रिजच्या अर्थच्या (करंट परत नेणाऱ्या) वायरीवर, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हवर. तिथे पाव व्होल्टच्या वर आलं तर अर्थची जोडणी तपासा.

रस्त्याकडेला
दादा, मोजलं. फ्रिजवर ९.८. अर्थच्या बाजूला १.१! डिक्कीचं अस्तर काढलं तर ३ (दिवे), ११ (फ्रिज) आणि १३ (बॅटरी) या तिन्ही अर्थच्या पांढऱ्या वायरी एकाच थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीत) कोंबलेल्या आणि ते थिंबल रंगावरच बोल्टने आवळलेलं. बोल्टभोवती रंग करपून तपकिरी झालाय. फोनच्या उजेडात स्पष्ट दिसतं.

तांब्याची_तार
सापडलं मग. रंग खरवडून उघडा पत्रा दिसू द्या. तिन्ही वायरींना स्वतंत्र थिंबल नीट क्रिंप करून लावा, आवळल्यावर गंज लागू नये म्हणून वरून ग्रीस. ११ आणि १३ साठी बॅटरीच्या निगेटिव्हपासून जाड वायर ओढलीत तर उत्तमच. कॅरव्हॅनच्या बाजूचा प्लगही उघडून बघा. आयएसओ ११४४६, म्हणजे या १३ पिनांच्या सॉकेटच्या मानकाप्रमाणे, ट्रेलरच्या आत या तीन अर्थ एकमेकींना जोडायच्या नसतात. जोडल्या तर फ्रिजचा करंट दिव्यांच्या अर्थमधून परत यायला बघतो आणि ब्रेक दाबला की भलतेच दिवे मिणमिणतात.

हुक_आणि_साखळी
एक भर घालतो. कोडिंग झाल्यावर कॅरव्हॅनचे एलईडी दिवे बंद असतानाही बारीक लुकलुकले तर घाबरू नका. बल्ब शाबूत आहे का हे बघायला काही मॉड्यूल छोटे पल्स सोडतात, ते एलईडीत दिसतात. ट्रेलर एलईडीचा आहे असं सांगायची सोय मॉड्यूलमध्ये आहे का ते आधी बघा, नसेल तरच रेझिस्टर. तो चांगलाच तापतो, प्लास्टिकला टेकवू नका.

रस्त्याकडेला
अर्थ नव्याने केले. अर्थच्या बाजूला आता ०.१, फ्रिजवर १०.९. अजून वायर जाड करावी लागेल का?

तांब्याची_तार
हो. पिन १० ची पॉझिटिव्ह वायर ४ चौरस मिलिमीटरची करा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. तरी व्होल्टेज वरखाली होत राहिलं तर डीसी-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटर काहीही करो, पलीकडे व्होल्टेज स्थिर. पण घ्यायच्या आधी तो फ्रिजचे १४ अँपिअर आणि कॅरव्हॅनच्या बॅटरीचं चार्जिंग दोन्ही पेलतो का ते बघा. आणि ०३ चं कोडिंग झालं की इथे कळवा, मला ते फ्रिजपेक्षा महत्त्वाचं वाटतं.